विश्लेषण : पत्र्याचे घर दुपारी भट्टी का होते? वळचणीची फट बुजवावी की नाही?

इस्लापूर-किनवट असो की लातूरकडचे औसा-निलंगा, मार्च उलटला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. मग गावोगाव उपाय सुरू होतात. कुणी पत्र्यावर पऱ्हाटी पसरतो, कुणी आतून थर्माकोल चिकटवतो, कुणी भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट सिमेंटने बुजवून टाकतो. यातला शेवटचा उपाय अनेकदा उलटा पडतो. घरात उष्णता नेमकी कुठून येते, मराठवाड्याने माळवद सोडून पत्रा का धरला आणि आहे त्या घरात कमी खर्चात काय करता येईल, याचा हा आढावा.

हवामान खात्याचा आकडा आणि घरातला उकाडा वेगळा का?

मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर गेले असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो. ४५ अंश गाठले तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. पण हे तापमान सावलीतल्या हवेचे असते. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो.

घरावरचा पत्रा मात्र दिवसभर उन्हात असतो. जुना, गंजलेला पत्रा दुपारी ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असल्याने वरून जेवढा तापतो तेवढाच आतूनही तापतो. मग तो चुलीतल्या निखाऱ्यासारखी खाली धग फेकू लागतो. ही धग हवेतून वाहत येत नाही, थेट अंगावर पडते. त्यामुळे पंखा लावूनही डोके तापलेलेच राहते.

साधा हिशेब करून पाहू. खोली दहा बाय दहा फुटांची, पत्रा ६५ अंशांवर आणि खालच्या वस्तू ४० अंशांवर. अशा वेळी जुन्या पत्र्यातून खाली येणारी निव्वळ धग साधारण दीड हजार वॉट भरते. म्हणजे भर मे महिन्यात डोक्यावर दीड किलोवॉटचा हीटर चालू ठेवल्यासारखेच झाले. बाहेर ४२ अंश असले तरी लिंबाखाली बरे वाटते आणि घरात नाही, त्याचे कारण हे आहे.

याचा सर्वाधिक फटका दिवसा घरात असणाऱ्यांना बसतो. बाळंतीण आणि तान्हे मूल, म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि भर दुपारी चुलीपुढे बसणारी बाई यांना सावली शोधत बाहेर जाता येत नाही.

माळवदाच्या घरात थंड का वाटायचे?

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीचा गुण असा की ती उष्णता हळूहळू पुढे सरकवते. फूटभर मातीतून दुपारची उष्णता खाली पोहोचायला साधारण दहा तास लागतात. दुपारी दोनचे ऊन खाली जाणवेपर्यंत मध्यरात्र होते आणि तोवर ते बरेच बोथट झालेले असते. तेव्हा माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपलेली असत.

काँक्रीटच्या साडेचार इंची स्लॅबला हाच प्रवास करायला तीन-चार तास पुरतात. म्हणून स्लॅबचे घर दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापते आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहते. पत्र्याला तर काही मिनिटेच लागतात. तो दुपारी सर्वात वाईट, पण सूर्य मावळल्यावर लवकर गार होतो. उपाय ठरवताना हा फरक महत्त्वाचा आहे.

मग माळवद गेले कुठे?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली आणि ५२ गावांचे पुनर्वसन करावे लागले. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसे मेली ती मुख्यतः घराखाली गाडली गेल्याने. भिंती रुंद होत्या, पण दोन बाजूंना दगड आणि मधे माती-खडी अशा भरलेल्या होत्या. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड नव्हते. धक्का बसताच त्या फाकल्या आणि वरची माती खाली आली. गळती थांबवण्यासाठी दर वर्षी-दोन वर्षांनी माळवदावर नवी माती टाकली जाई. त्यामुळे ओझे वाढत गेलेले होते.

फूटभर मातीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे अर्धा टन होते. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार-पाच टन. तेवढ्याच जागेवरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. किल्लारीनंतर मराठवाड्याने दगडमातीची धास्ती घेतली आणि ज्याला स्लॅब परवडला नाही त्याने पत्रा टाकला, याचे नवल वाटायला नको. जीव वाचवण्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मात्र उन्हाला अडवणारा थरही त्याच मातीसोबत गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

म्हणून ‘पूर्वीची माळवदेच बरी होती’ हे अर्धेच खरे आहे. आज गरज आहे ती माळवदाइतके ऊन अडवणाऱ्या, पण वजनाला हलक्या छताची.

हिंगोलीच्या धक्क्यांनी काय लक्षात आणून दिले?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के काही मिनिटांच्या अंतराने बसले. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड आणि परभणीतही ते जाणवले. मार्चमधील धक्क्यांनंतर प्रशासनाने एक साधे पण नेमके आवाहन केले होते : पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून टाका.

हे दगड वादळी वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून कडेला ठेवलेले असतात. भूकंपात ते झोपलेल्या माणसावर पडू शकतात. पत्रा हलका आहे म्हणून घर सुरक्षित, हा दिलासा वर दगड ठेवताच संपतो. पत्रा धरून ठेवण्याचे काम हुकांचे आणि स्क्रूचे आहे. कैची किंवा पाइप भिंतीत पक्के बांधलेले असावेत आणि पत्रा त्यांना वायसर लावून जे-हुकने आवळलेला असावा. उष्णतेसाठी छताला हात लावणारच असाल, तर पहिले काम हे करून घ्यावे.

वळचणीतून काय येते, काय जाते?

छताचा उतार जिथे भिंतीवर येऊन टेकतो ती वळचण. पत्रा नागमोडी असल्याने भिंतीच्या माथ्यावर फटी राहतात. काही घरांत तिथे वितभर मोकळी जागा असते. चिमण्यांची घरटी, उंदीर, पावसाचे तुषार, वाऱ्याबरोबर येणारी धूळ, दुपारची गरम झुळूक हे सारे तिथूनच आत येते. म्हणून ती बुजवावीशी वाटणे साहजिक आहे.

जगात इतरत्रही घराचा असाच सांधा डोकेदुखी ठरलेला आहे. अमेरिका-कॅनडातल्या लाकडी घरांत पायाच्या भिंतीवर तळमजल्याची चौकट बसते. तिच्या कडेच्या तुळईला ‘रिम जॉइस्ट’ म्हणतात. गरम हवा हलकी असल्याने वर जाऊन घराच्या माथ्यातून निसटते आणि तिची जागा घ्यायला या खालच्या सांध्यातून बर्फाळ हवा आत ओढली जाते. तिथे राहणारी आपल्याकडची मंडळी तळघरात उतरली की ही थंडी त्यांना पायाशी जाणवते. त्यावर तिकडचा उपाय म्हणजे प्रत्येक खणात कडक फोमचा तुकडा बसवायचा आणि कडा फेसाने हवाबंद करायच्या. नुसता काचलोकरीचा गठ्ठा कोंबला तर त्यातून ओलसर हवा पलीकडे जाते, थंड लाकडावर पाणी सुटते आणि बुरशी धरते.

गरम हवा वर जाते हा नियम इथेही तोच आहे. पण तिकडे घर सात-आठ महिने आतून गरम ठेवायचे असते आणि आपल्याला आतली उष्णता बाहेर काढायची असते. त्यामुळे ‘सांधा हवाबंद करा’ हा सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

फट पूर्ण बुजवली तर काय बिघडते?

एक, धग कमी होत नाही. वर पाहिल्याप्रमाणे मोठा वाटा तापलेल्या पत्र्याकडून थेट खाली येतो, फटीतून नव्हे.

दोन, पत्र्याखाली साठलेल्या गरम हवेची वाट बंद होते. खोलीत इतर झरोके नसतील तर ही हवा डोक्याच्या उंचीपर्यंत उतरते.

तीन, चुलीचा धूर कोंडतो. माळवदाला पूर्वी धूर आणि उजेडासाठी भोक ठेवलेले असे. पत्र्याच्या घरात ते काम वळचण करते. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघराची वळचण बुजवणे धोक्याचे आहे.

चार, कूलर निकामी होतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. तेवढीच हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि उकाडा वाढतो. कूलर लावला असेल तर समोरच्या बाजूची खिडकी किंवा वळचण उघडी हवीच.

घर कडेकोट बंद करणे फक्त एसी लावलेल्या खोलीत उपयोगी पडते. तिथे प्रत्येक फट म्हणजे वाया जाणारी वीज.

मग करायचे काय?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊन, मग धग आणि शेवटी फट.

पहिली पायरी पत्र्याच्या वरून. नवा पांढरा लेप उन्हाचा ७० ते ८० टक्के भाग परत फेकतो, तर गंजलेला पत्रा याच्या निम्माही फेकत नाही. पत्र्यासाठी बाहेरून वापरायचा पांढरा ॲक्रिलिक रंग चांगला. नुसता चुना पत्र्याला नीट धरत नाही आणि पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातो. स्लॅबवर मात्र चुना चालतो. आधी गंज घासून काढावा आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. पुढे धूळ बसली की लेपाचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्यात एखादे वेळी पत्रा धुऊन घ्यावा. शेतातले जुने शेडनेट पत्र्याच्या फूटभर वर ताणून बांधले तरी चांगला फरक पडतो. वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र ते सोडता आले पाहिजे.

पऱ्हाटी, तुराट्या किंवा कडबा वर टाकल्याने सावली मिळते हे खरे. पण विजेच्या तारा, चुलीच्या ठिणग्या आणि साप-विंचू यांचा विचार करता हा उपाय राहत्या घरावर नको.

दुसरी पायरी पत्र्याच्या खालून. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये एक हलका पडदा हवा. किनवटच्या पट्ट्यात बांबू नवा नाही आणि कुडाच्या भिंती सारवण्याची सवयही आहे. तेच कौशल्य वर वापरता येते. बांबूचा तट्टा पत्र्याखाली सहा इंच ते फूटभर अंतर सोडून उताराला समांतर बांधायचा आणि खालून माती-शेणाचा पातळ हात द्यायचा. वजन फार होत नाही, माळवदाच्या तुलनेत तर काहीच नाही. पत्र्याची धग तट्ट्यावर थांबते आणि खाली दिसणारा पृष्ठभाग पत्र्यापेक्षा बराच थंड राहतो. बांबू आधी पाण्यात मुरवून किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करून घेतला तर कीड कमी लागते. तट्टा चुलीपासून आणि उघड्या वायरींपासून दूर ठेवावा.

तिसरी पायरी वळचणीची. आता तिचे दोन भाग झाले आहेत. तट्ट्याच्या वरची जागा मोकळी सोडायची. एकपाखी घरात ती खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कडांना उघडी हवी, दुपाखी घरात वळचणीला आणि माथ्याजवळच्या त्रिकोणी भिंतीत. खालून हवा शिरते, पत्र्याखाली तापते, वरून निघून जाते आणि उष्णता सोबत नेते. उंदीर-पाखरांसाठी बारीक जाळी लावली की झाले. तट्ट्याच्या खालची, म्हणजे तट्टा आणि भिंत यांच्यामधली फट मात्र माती-शेणाने नीट लिंपून घ्यायची, नाहीतर वरची गरम हवा खोलीत उतरते. थोडक्यात, सिलिंगच्या खाली बंद आणि वर उघडे. बहुतेक घरांत नेमके उलटे झालेले दिसते.

हिवाळ्यातही याचा फायदा होतो. थंडीच्या पहाटे पत्र्याला सुटणारा घाम अंथरुणावर टपकत नाही आणि गारठा थेट अंगावर उतरत नाही.

चौथी पायरी रोजच्या सवयीची. सकाळी दहानंतर उन्हाकडच्या खिडक्या झाकायच्या, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळे उघडायचे. त्यासाठी भिंतीत वरच्या अंगाला झडपेचे झरोके असावेत. वादळ सुटले की वाऱ्याकडची झडप लावून घ्यावी. वारा आत शिरला की तो पत्र्याला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. पत्रे उडतात ते या दोन्ही जोरांनी मिळून.

थर्माकोल लावावा का?

थर्माकोल उष्णता चांगली अडवतो. त्यात कोंडलेली हवाच ते काम करते. पण साधा थर्माकोल झटकन पेटतो, वितळून जळते थेंब खाली पडतात आणि धूर विषारी असतो. चूल, दिवा, सैल वायरिंग असलेल्या खोलीत तो उघडा लावणे म्हणजे एक धोका टाळून दुसरा घरात आणणे. लावायचाच असेल तर आग लवकर न पकडणारा प्रकार घ्यावा आणि खालून सिमेंट शीट किंवा जिप्समच्या फळीने तो पूर्ण झाकावा. फेसाचा थर मधे असलेले तयार पफ पॅनल नव्या बांधकामात चालतात, पण महाग पडतात आणि आगीची काळजी तिथेही आहेच. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्याला कोरडे भोक पाडू नये किंवा ते घासू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

सरकारी घरकुलात छताचा विचार होतो का?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात सुमारे २० लाख घरकुलांना मंजुरी देण्यात आली. किनवटसारख्या आदिवासी भागात शबरी घरकुल योजनाही आहे. या योजनांत छत ‘पक्के’ असावे एवढे पाहिले जाते. ते दुपारी किती तापते याचा निकष नाही. निधी पुरला तर स्लॅब, नाही तर पत्रा, असेच ठरते.

देशात निकष नाही असे नव्हे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. उघडा पत्रा त्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक उष्णता आत सोडतो, साधा स्लॅब सुमारे तिप्पट. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आखलेली आहे. म्हणजे ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या घरांना निकष आहे आणि २५ चौरस मीटरच्या घरकुलाला नाही.

किनवट तालुक्याच्या हद्दीपलीकडे, तेलंगणात, २०२३ मध्ये पाच वर्षांचे ‘कूल रूफ’ धोरण जाहीर झाले. सरकारी आणि व्यापारी इमारतींना, तसेच ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना थंड छत बंधनकारक करण्यात आले. २०२८ पर्यंत राज्यभरात ३०० चौरस किलोमीटर छत थंड करण्याचे उद्दिष्ट आहे. लहान घरांना तिथेही सक्ती नाही, पण छत हा उष्णतेच्या धोरणाचा विषय आहे एवढे तरी मान्य झाले आहे. आपल्याकडे उष्णतेच्या उपाययोजनांचा भर अजून पाणपोई, ओआरएस, शाळेच्या आणि कामाच्या वेळा यांवरच असतो. त्या हव्यातच, पण दुपारी घरात अडकलेल्या माणसापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

ग्रामपंचायतीला काय करता येईल?

घरकुलाच्या अंदाजपत्रकात तीन गोष्टी धरायला लावता येतील : छताला पांढरा लेप, हलके सिलिंग आणि पत्र्यासाठी पुरेसे हुक. हप्ता देताना होणाऱ्या तपासणीत ‘पत्र्यावर दगड नाहीत, हुक आवळलेले आहेत’ ही एक ओळ वाढवता येईल. सुरुवात अंगणवाडी, आश्रमशाळा आणि उपकेंद्राच्या छतांपासून केली तर गावाला फरक डोळ्यांनी दिसेल. दोन सारख्या खोल्या घ्याव्यात, एकीला लेप आणि सिलिंग करावे, दुसरी तशीच ठेवावी आणि दोन्हीत एकेक साधा तापमापक टांगावा. एप्रिलमधल्या पंधरा दुपारच्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्या की पुढचा निधी मागायला तेवढा पुरावा पुरेल.